परदेशी पदवी, मायदेशी वकिली
मेक्सिको–अमेरिका शैक्षणिक व सांस्कृतिक विनिमय आयोगाची वाटचाल

फुलब्राइट–गार्सिया रोब्लेस शिष्यवृत्तीच्या नावात दोन माणसे आहेत आणि दोघेही कायद्याचे पदवीधर. जे. विल्यम फुलब्राइट अमेरिकेतल्या आर्कान्सॉचे. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले, परत आल्यावर १९३४ साली जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली, काही वर्षे कायदा शिकवला आणि पुढे सिनेटर झाले. आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातल्या सामोरा गावचे. मेक्सिको सिटीत कायदा शिकून ते पॅरिसला गेले, तिथून हेगला. भारतात हीच शिष्यवृत्ती २००८ पासून फुलब्राइट–नेहरू या नावाने दिली जाते आणि नेहरूही इनर टेम्पलचे बॅरिस्टर होते, हे मराठी वाचकांना सांगायला नकोच.

हा योगायोग असेल, पण त्यातून एक प्रश्न पुढे येतो. गणिती किंवा इंजिनिअर परदेशात जे शिकतो ते त्याला जगात कुठेही उपयोगी पडते. वकिलाचे तसे नाही. सनद जिथली, वकिली तिथली. मेक्सिकोच्या न्यायालयात उभे राहायचे तर मेक्सिकोचाच कायदा लागतो आणि तो हार्वर्डमध्ये किंवा जॉर्जटाउनमध्ये कुणी शिकवत नाही. मग दोन सरकारांनी पैसे खर्चून कायद्याच्या पदवीधराला परदेशी का पाठवावे? मेक्सिकोत ही शिष्यवृत्ती देणाऱ्या आयोगाच्या कामाकडे या एका विषयाच्या अंगाने पाहिले, तर त्याच्या सगळ्या इतिहासाला या प्रश्नाचा धागा सापडतो.

आयोगापूर्वीचा काळ

मेक्सिकोत कायद्याचे शिक्षण जुने आहे. शाही विद्यापीठाची स्थापना १५५१ ची आणि कायद्याचे अध्यापन तिथे १५५३ साली सुरू झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र या क्षेत्रात मोठी खळबळ उडाली. १९१२ साली राष्ट्रीय विधी विद्यालयाचे संचालक लुइस काब्रेरा यांनी तिमाही परीक्षा लागू केल्या. विद्यार्थ्यांनी संप पुकारला, शाळा सोडली आणि २४ जुलै १९१२ रोजी स्वतःचीच ‘एस्कुएला लिब्रे दे देरेचो’ ही संस्था काढली. परीक्षेवरून बंड करणाऱ्यांच्या या शाळेत पुढे तोंडी परीक्षेचाच दरारा निर्माण झाला. परीक्षक मंडळापुढे उभे राहून उत्तरे द्यायची, ही तिथली रीत.

देशात कायद्यातली डॉक्टरेट मिळण्याची सोय बराच काळ नव्हती. स्पेनच्या यादवी युद्धानंतर १९३९ पासून अनेक स्पॅनिश विद्वान आश्रयाला मेक्सिकोत आले. त्यांच्यापैकी फेलिपे सांचेझ रोमान यांनी १९४० साली ‘उनाम’ या राष्ट्रीय विद्यापीठात तौलनिक कायद्याची संस्था उभी केली. आजच्या विधी संशोधन संस्थेची ती जननी. १९५० च्या सुमारास त्याच विद्यापीठात कायद्याची डॉक्टरेट सुरू झाली. मेक्सिकन मुलगा परदेशात जाऊन जे शिकणार होता, ते परदेशातून आलेल्या निर्वासितांनी त्याच्या दारात आणून ठेवले.

पाठवणाऱ्या संस्थाही हळूहळू तयार होत होत्या. बँको दे मेक्सिको ही मध्यवर्ती बँक आपल्या होतकरू तरुणांना परदेशी शिकायला पाठवत असे. १९७० च्या डिसेंबरात विज्ञान व तंत्रज्ञानाची राष्ट्रीय परिषद, म्हणजे ‘कोनासित’, कायद्याने अस्तित्वात आली आणि परदेशी शिष्यवृत्त्यांचा सरकारी ओघ तिच्याकडे वळला. नावात विज्ञान असले तरी सामाजिक शास्त्रांच्या रांगेत कायद्यालाही तिथे जागा होती. १९७१ साली बँको दे मेक्सिकोच्या व्यवस्थापनाखाली ‘फिदेर्ह’ हा शैक्षणिक कर्जनिधी सुरू झाला. पदव्युत्तर शिक्षणासाठी सवलतीचे कर्ज घ्यायचे आणि कमावू लागल्यावर फेडायचे, असा त्याचा व्यवहार.

अमेरिकेच्या बाजूने फुलब्राइट योजना १ ऑगस्ट १९४६ रोजी ट्रूमन यांच्या सहीने कायदा झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशांत पडून राहिलेले अमेरिकन लष्करी सामान त्या-त्या देशाला विकायचे आणि ती रक्कम शिष्यवृत्त्यांकडे वळवायची, ही तिच्यामागची मूळ कल्पना. भारताशी असा करार फेब्रुवारी १९५० मध्ये झाला. लॅटिन अमेरिकेत चिलीला १९५५, अर्जेंटिना आणि पेरूला १९५६, तर कोलंबियाला १९५७ साली स्वतःचा द्विपक्षीय आयोग मिळाला. शेजारच्या मेक्सिकोत मात्र फुलब्राइटचे काम अमेरिकन दूतावासाकडेच राहिले. दोन देशांत दोन हजार मैलांची सामाईक सीमा असूनही सामाईक आयोग नव्हता.

मॉन्टेरे, १९९०

ही कोंडी व्यापाराने फोडली. मेक्सिको १९८६ साली ‘गॅट’ या बहुराष्ट्रीय व्यापार करारात सामील झाला आणि १९९० च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्लोस सालिनास आणि जॉर्ज बुश यांनी मुक्त व्यापार कराराच्या दिशेने जाण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस दोघे मॉन्टेरे शहरात भेटले. त्या भेटीच्या वेळी, २७ नोव्हेंबर १९९० रोजी, दोन्ही सरकारांनी शैक्षणिक व सांस्कृतिक विनिमयासाठी संयुक्त आयोग नेमण्याचा करार केला. त्याचे नाव लांबलचक, म्हणून त्याला थोडक्यात ‘कोमेक्सुस’ म्हणू लागले. कॅनडाचा फुलब्राइट आयोगही १९९० चाच. उत्तर अमेरिकेचे तीन देश व्यापारासाठी जवळ येत होते, त्या धामधुमीतच हे दोन्ही आयोग जन्मले.

रचना साधी होती. नियामक मंडळावर दोन्ही देशांचे सदस्य, तिजोरीत दोन्ही सरकारांचा पैसा आणि देवाणघेवाण दुतर्फा. मेक्सिकन पदवीधर अमेरिकेत शिकायला जाणार, अमेरिकन विद्यार्थी व प्राध्यापक मेक्सिकोत येणार. दूतावासाने दिलेली शिष्यवृत्ती आणि आपल्याही सरकारने पैसे घालून दिलेली शिष्यवृत्ती यांत फरक असतो. निवडीच्या मुलाखतीत समोर कोण बसले आहे, यावरूनच तो अर्जदाराला कळतो.

नावामागचा माणूस

मेक्सिकोने आपल्या बाजूने शिष्यवृत्तीला गार्सिया रोब्लेस यांचे नाव दिले. ते १९३६ साली पॅरिस विद्यापीठाच्या उच्च आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्थेतून आणि १९३८ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीतून शिकून बाहेर पडले. १९३९ मध्ये परराष्ट्र सेवेत शिरले आणि पहिली नेमणूक स्वीडनमध्ये मिळाली. १९६२ च्या क्यूबा क्षेपणास्त्र पेचप्रसंगाने सगळा खंड हादरला तेव्हा ते ब्राझीलमध्ये राजदूत होते. लॅटिन अमेरिका अण्वस्त्रमुक्त करण्याच्या कराराचा मसुदा पुढच्या वाटाघाटींत त्यांच्या हाताखालून गेला. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी तो सह्यांसाठी खुला झाला. मेक्सिकोचे परराष्ट्र खाते तेव्हा मेक्सिको सिटीच्या त्लातेलोल्को भागात होते, म्हणून तो त्लातेलोल्को करार. लोकवस्तीचा एक सबंध प्रदेश अण्वस्त्रमुक्त करणारा जगातला हा पहिला करार. आज त्या प्रदेशातले सर्व ३३ देश त्यात आहेत.

१९८२ चे शांततेचे नोबेल त्यांना आल्वा मिर्दाल यांच्यासह मिळाले. आल्वाबाई १९५५ ते १९६१ स्वीडनच्या राजदूत म्हणून दिल्लीत होत्या. गार्सिया रोब्लेस २ सप्टेंबर १९९१ रोजी गेले, तेव्हा आयोगाला एक वर्षही पूर्ण झाले नव्हते.

त्यांच्या शिक्षणातून मेक्सिकोला काय मिळाले, याचे उत्तर त्लातेलोल्कोच्या मसुद्यात आहे. पॅरिसचा किंवा हेगचा कुठलाही कायदा त्यांनी उचलून आणला नाही. वेगवेगळ्या परंपरांतल्या वकिलांना एकाच वाक्यावर सही करायला कसे लावायचे, हे ते शिकून आले होते.

अर्जापासून पदवीपर्यंत

मेक्सिकोत कायदा ही बारावीनंतरची पहिली पदवी आहे. चार-पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि पुष्कळ विद्यार्थी सकाळी वर्ग, दुपारी एखाद्या वकिलाच्या कार्यालयात उमेदवारी, अशी दुहेरी पाळी करतात. पदवीनंतर सनदेची वेगळी परीक्षा नाही. १९४५ च्या व्यवसाय कायद्यानुसार शिक्षण मंत्रालयाकडे पदवी नोंदवायची आणि ‘सेदुला’ म्हणजे व्यवसायाचे ओळखपत्र घ्यायचे, की माणूस वकील झाला. नावाआधी ‘लिसेन्सियादो’ लागते आणि जन्मभर राहते.

परदेशी जायचे तर कागदांची माळ लागते. दहापैकी गुणांची गुणपत्रिका, तिचे अधिकृत भाषांतर, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रे, विद्यापीठाचे प्रवेशपत्र आणि ‘मला हेच का शिकायचे आहे’ याचा निबंध. त्यानंतर मुलाखत. वकिलाची खरी अडचण निबंधात होते. इंजिनिअर प्रयोगशाळेचे नाव लिहून मोकळा होतो. वकिलाला मात्र हे पटवून द्यावे लागते की दुसऱ्या देशाचा कायदा शिकून तो आपल्या देशात नेमके काय करणार आहे.

पदव्युत्तर शिक्षणाचे दोन मार्ग. एक वर्षाची एलएल.एम. किंवा संशोधनाची लांबची वाट. बहुसंख्य मंडळी पहिल्या मार्गाने जातात. तिथल्या वर्गात पहिला धक्का बसतो तो पद्धतीचा. मेक्सिकोत प्राध्यापक संहितेचे कलम घेतो, त्याचे घटक फळ्यावर मांडतो आणि विद्यार्थी उतरवून घेतात. अमेरिकेत प्राध्यापक आदल्या रात्री वाचायला दिलेला निवाडा उघडतो, यादीतले एक नाव पुकारतो आणि विचारतो, ‘फिर्यादी चाळीस मैल दूर राहत असता तर?’ कलमात याचे उत्तर नसते. वस्तुस्थिती जराशी हलवली की नियम कुठे वाकतो आणि कुठे तुटतो, हे तिथल्या तिथे बोलून दाखवावे लागते.

ही पद्धत मेक्सिकोच्या दृष्टीने नुसती कुतूहलाची गोष्ट नव्हती. एकाच मुद्द्यावर सलग पाच निकाल एकसारखे लागले तर ते खालच्या न्यायालयांना बंधनकारक, हा तिथला जुना नियम. मार्च २०२१ च्या घटनादुरुस्तीने सर्वोच्च न्यायालयाच्या ठराविक बहुमताच्या एकाच निकालातली कारणमीमांसाही बंधनकारक झाली. हा बदल परदेशी शिकून आलेल्यांनीच घडवला म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण एकेक निकाल बारकाईने वाचायची सवय असलेले वकील आणि न्यायाधीश देशात आधीपासून असल्यामुळे तो रुजायला मदत झाली, एवढे नक्की म्हणता येते.

पदवी हाती पडली की मोह समोर येतो. न्यूयॉर्क राज्यात परदेशी वकिलाला एलएल.एम.च्या बळावर तिथल्या सनदेच्या परीक्षेला बसता येते आणि तिथला पगार मेक्सिकोच्या कितीतरी पट असतो. फुलब्राइटवर आलेल्याला मात्र त्याच्या व्हिसाचा नियम अडवतो. शिक्षण संपल्यावर मायदेशी दोन वर्षे राहिल्याखेरीज त्याला अमेरिकेत कायमचा परवाना किंवा नोकरीचा नेहमीचा व्हिसा मिळत नाही. अनेकांना ही अट जाचक वाटते. पण आयोगाचा सगळा हेतू या अटीत आहे. कायदा शिकून परत यायचे नसेल, तर मेक्सिकोच्या करदात्याने त्यात पैसे घालायचे कारण उरत नाही.

पैशाची बाजू

अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत एलएल.एम.चे शुल्कच आता ७० हजार डॉलरच्या वर गेले आहे. राहणे-खाणे, विमा, पुस्तके वेगळी. एका शिष्यवृत्तीत हे बसत नाही. म्हणून मेक्सिकन विद्यार्थी पैशांची गोधडी शिवतो. थोडे आयोगाचे, थोडे (२०२३ पर्यंत) ‘कोनासित’चे, थोडे ‘फुनेद’सारख्या खासगी प्रतिष्ठानाचे कर्ज, थोडे ‘फिदेर्ह’चे, विद्यापीठाने माफ केलेले काही शुल्क आणि राहिलेले घरून. युरोपकडे वळणाऱ्यांसाठी ब्रिटनची चीव्हनिंग, जर्मनीची ‘डीएएडी’ आणि स्पेनचे कॅरोलिना प्रतिष्ठान आहे. स्पॅनिश ही मातृभाषा असल्याने माद्रिद आणि सालामान्का ही मेक्सिकन वकिलांची जुनी विद्यास्थाने.

विनिमय दर फिरला की या गोधडीचे टाके उसवतात. २२ डिसेंबर १९९४ रोजी पेसो खुला सोडण्यात आला आणि डॉलरमागे साडेतीन पेसोंच्या आसपास असलेला दर तीन महिन्यांत सातच्या पुढे गेला. शुल्क डॉलरमध्ये, घरून येणारे पैसे पेसोत. वर्षाच्या मध्यावर शिकणाऱ्या मुलांचे हिशेब एका हिवाळ्यात दुप्पट झाले. ज्याच्या शिष्यवृत्तीचा भाग डॉलरमध्ये होता त्याने तग धरला. दोन्ही देशांचा पैसा एकत्र असण्याचे महत्त्व आयोगाला स्थापनेनंतर चार वर्षांतच असे कळले.

परतलेल्यांपुढची कामे

मुक्त व्यापार करार १ जानेवारी १९९४ पासून लागू झाला आणि वकिलांपुढे नवे काम उभे राहिले. सान लुइस पोतोसी राज्यातल्या ग्वादालकासार गावचे प्रकरण पाहिले की ते कसे होते ते कळते. घातक कचऱ्याच्या भराव क्षेत्रासाठी मेटलक्लॅड या अमेरिकन कंपनीला केंद्राचे परवाने मिळाले होते, पण नगरपालिकेने बांधकाम परवाना नाकारला. कंपनी गावातल्या न्यायालयात थांबली नाही. कराराच्या अकराव्या प्रकरणाचा आधार घेऊन तिने १९९७ साली आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली आणि ऑगस्ट २००० मध्ये लवादाने मेक्सिकोला १ कोटी ६६ लाख ८५ हजार डॉलर भरायला सांगितले. एका नगरपालिकेच्या ठरावाचा बचाव इंग्रजीत, परदेशी लवादांपुढे, परदेशी निवाड्यांचे दाखले देत करायची वेळ आली होती. हे काम करू शकणारे वकील देशात किती आहेत, हा प्रश्न तेव्हा सरकारच्या दारात येऊन बसला.

दुसरे काम हेगमध्ये होते. अमेरिकेत मृत्युदंड सुनावलेल्या मेक्सिकन नागरिकांना त्यांच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क सांगितलाच गेला नाही, अशी तक्रार घेऊन मेक्सिको जानेवारी २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. ‘आव्हेना’ या नावाने हा खटला ओळखला जातो. मेक्सिकोचे तदर्थ न्यायाधीश होते बेर्नार्दो सेपुल्वेदा. ‘उनाम’ची पदवी आणि केंब्रिजचे आंतरराष्ट्रीय कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले हे गृहस्थ एकेकाळी देशाचे परराष्ट्रमंत्री होते, पुढे २००६ साली ते त्याच न्यायालयावर पूर्णवेळ न्यायाधीश झाले. ३१ मार्च २००४ च्या निकालात ५२ पैकी ५१ जणांच्या बाबतीत अमेरिकेने वकिलाती संबंधांच्या व्हिएन्ना कराराचे उल्लंघन केल्याचे न्यायालयाने म्हटले आणि शिक्षांचा पुनर्विचार करायला सांगितले.

या निकालाचे महाराष्ट्राशीही नाते आहे. पाकिस्तानात मृत्युदंड सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात भारत हेगला गेला तेव्हा व्हिएन्ना कराराचे तेच ३६ वे कलम आधार होते आणि ‘आव्हेना’चे दाखले दिले गेले. १७ जुलै २०१९ च्या निकालात पाकिस्तानला सांगितलेला उपायही त्याच धर्तीचा, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार. मेक्सिकोने आपल्या लोकांसाठी लढलेल्या खटल्याचा उपयोग पंधरा वर्षांनी दुसऱ्या खंडात झाला.

त्यानंतरच्या काळात शिकायचे विषय बदलत गेले. जून २००८ च्या घटनादुरुस्तीने फौजदारी खटले लेखी कागदांवरून उठवून भरकोर्टात तोंडी सुनावणीकडे नेण्याचे ठरले आणि त्यासाठी आठ वर्षांची मुदत देण्यात आली. उलटतपासणी कशी घ्यायची, हे आता देशभरच्या वकिलांना शिकावे लागणार होते. जून २०११ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारांतल्या मानवी हक्कांना घटनेत बसवले आणि सान होसे इथल्या आंतर-अमेरिकन न्यायालयाचे निकाल मेक्सिकोच्या न्यायाधीशांच्या टेबलावर आले.

या बाबतीत मेक्सिको नुसता घेणारा नाही. ‘अम्पारो’ हा हक्कभंगाविरुद्धचा दावा, म्हणजे आपल्याकडच्या रिट अर्जाचा सख्खा भाऊ, युकातानच्या १८४१ च्या घटनेत प्रथम आला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले आठवे कलम मेक्सिकोच्या प्रतिनिधींनी तोच अनुभव घेऊन पुढे रेटले. परदेशी गेलेला मेक्सिकन विद्यार्थी वर्गात सांगण्यासारखे काहीतरी बरोबर घेऊन जात असे.

आजची परिस्थिती

गेली काही वर्षे आयोगासाठी सोपी नाहीत. मेक्सिकोच्या बाजूला ‘कोनासित’चे २०२३ साली नाव आणि कायदा बदलला आणि १ जानेवारी २०२५ पासून तिच्या जागी पूर्ण मंत्रालय आले. मधल्या काळात, २०२० च्या अखेरीस, सरकारने १०९ सार्वजनिक न्यास बंद केले, त्यांत विज्ञान-संशोधनाचेही होते. अमेरिकेच्या बाजूला जून २०२५ मध्ये फुलब्राइटच्या वॉशिंग्टनमधल्या नियामक मंडळाच्या बहुतेक सदस्यांनी निवडींत राजकीय हस्तक्षेप होत असल्याचा आरोप करून राजीनामे दिले. दोन तिजोऱ्यांवर उभ्या असलेल्या संस्थेला दोन्हीकडचे वारे एकदम सोसावे लागत आहेत.

कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणखी एक बदल उभा आहे. सप्टेंबर २०२४ च्या घटनादुरुस्तीनंतर मेक्सिकोत न्यायाधीश मतदानाने निवडले जातात. पहिली निवडणूक १ जून २०२५ रोजी झाली आणि मतदान १३ टक्क्यांच्या आसपास राहिले. उमेदवाराकडे पदवीत दहापैकी किमान आठ गुणांची सरासरी हवी, तीन पानांचा निबंध हवा, शेजारी-सहकाऱ्यांची पाच पत्रे हवीत. परदेशी पदवीची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाचे नवे अध्यक्ष उगो आगिलार ओर्तीस हे ओआहाकाच्या विद्यापीठात शिकलेले मिश्तेक समाजाचे वकील आहेत. एका आदिवासी वकिलाने त्या खुर्चीवर बसणे ही मोठीच गोष्ट. पण परदेशी एलएल.एम. म्हणजे न्यायपीठाकडे जाणारी वहिवाट, हा समज यापुढे धरून चालता येणार नाही.

आयोगाने याचे वाईट वाटून घ्यायचे कारण नाही. ही शिष्यवृत्ती पदाची शिडी म्हणून काढलेली नव्हती. मेटलक्लॅडने दाखवलेली उणीव आणि ‘आव्हेना’ने दाखवलेली ताकद, दोन्ही जिथे दिसली तिथे दोन कायदे एकमेकांसमोर उभे होते आणि दोन्ही समजणारा माणूस हवा होता. मुक्त व्यापार कराराची जागा १ जुलै २०२० रोजी नव्या तीनदेशी कराराने घेतली आणि सहा वर्षांनी, म्हणजे १ जुलै २०२६ रोजी, त्याचा संयुक्त आढावा घेण्याचे त्याच करारात लिहून ठेवले आहे. तेव्हा मेक्सिकोच्या बाजूला जे वकील बसतील त्यांना समोरच्या बाजूचा कायदा समोरच्याइतकाच कळला पाहिजे. ते कसे साधते, यावरूनच आयोगाच्या पुढच्या वर्षांचा हिशेब मांडावा लागेल.